करड्या घरातला पाव तास

१

स्वीडनातल्या एल्व्हस्टाच्या विद्यापीठात दहाचा तास सव्वादहाला सुरू होई. हा आळस नव्हता, परंपरा होती. आळसाने दोन-तीन शतकं पार केली की त्याला परंपराच म्हणतात. वेळापत्रकात 'दहा' छापलेलं असलं, तरी कॅथीड्रलच्या घंटेचे ठोके पडल्यावर कॉफी भरून घ्यायला, बूट झटकायला आणि जिने चढायला पाव तास आपला आहे, हे शिपायापासून कुलगुरूपर्यंत सगळ्यांना ठाऊक असे. नवखी मुलं पहिल्या दिवशी बरोबर दहाला येत, बंद दाराशी ताटकळत उभी राहत आणि दुसऱ्या दिवसापासून शहाणी होत. सव्वादहाला रूने नावाचा चौकीदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत येई आणि दार उघडी.

मग बिर्गिट्टा हेल्म आल्या. त्या नव्या प्रशासनप्रमुख. आधी एका दूधसंघात होत्या. त्यांनी तो पाव तास सगळ्या वर्गांनी आणि सगळ्या खोल्यांनी गुणला आणि जाहीर केलं, की एवढ्या वाया गेलेल्या वेळात आणखी एक विद्यापीठ चाललं असतं. आहे तेच नीट चालवावं, हे कुणाला सुचलं नाही. नोव्हेंबरपासून पाव तास रद्द झाला. प्रत्येक तासाला हजेरी सक्तीची झाली. जो हजर नाही त्याची जागा जाणार. रूनेच्या किल्ल्या गेल्या, दारांना आपोआप उघडणारी कुलुपं आली.

सिग्ने ओडेलने ते परिपत्रक वाचलं, वाचल्याची सही केली आणि विसरून गेली. ती त्या विद्यापीठात इतिहास शिकवत होती, तेही 'करडं घर' म्हणतात त्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, आणि तेही तीस वर्षं. डोक्याला परिपत्रक समजतं, पायांना समजत नाही. नव्या नियमाच्या पहिल्या सोमवारी ती नेहमीसारखी सव्वादहाला जिना चढून आली.

वर्गाबाहेरच्या भिंतीवर कोटांसाठी लाकडी खुंट्या होत्या. आज सगळ्या खुंट्या भरलेल्या पाहून तिला बरं वाटलं. तिच्या वर्गात मुलं मोजकीच. एवढी गर्दी बऱ्याच वर्षांत नव्हती. मग पायाखाली चपचप झाली. कोटांतून पाणी गळत होतं. फरशीवर ओघळ होते, आणि ओल्या लोकरीचा वास, ओल्या कुत्र्याला येतो तसा. बाहेर आठवडाभर कोरडी थंडी होती. पाऊस नाही, बर्फ नाही.

"नदीत उडी मारून आले की काय!" असं मनात म्हणत ती आत गेली.

आत तिची नेहमीचीच मुलं होती. मूठभर.

२

"माफ करा रे. पाय जुने झाले," सिग्ने म्हणाली. "चला, हजेरी उरकून टाकू."

"झाली की," मालिन म्हणाली. ही पिवळ्या कोटाची, पिवळ्याच स्वेटरची, बडबडी पोरगी. तिथल्या रीतीप्रमाणे मुलं मास्तरांना नावाने आणि अरेतुरेनेच बोलवत. "तू यायच्या आधीच झाली, सिग्ने."

"कुणी घेतली?"

"त्या भोंग्याने. नवीन बसवलाय ना हेल्मबाईंनी? नावं पुकारत होता. पण यादी जुनी दिसते. कसली कसली नावं! आमच्यातलं एकच होतं, अगदी शेवटी. एलोफचं."

"आणि एलोफ कुठाय?"

मुलं हसली. एलोफ त्याच्या खोलीवर झोपला होता. नोव्हेंबरात एलोफ झोपलेलाच असायचा.

"मग?"

"मग काय, मी म्हटलं हजर!" मालिन म्हणाली. "बिचाऱ्याची जागा जायला नको."

"एक दिवस दुसऱ्या कुणाच्या जागी लग्नालाही उभी राहशील," सिग्ने म्हणाली आणि धडा सुरू केला. पण मधूनच तिने छताकडे पाहिलं. भोंगा नव्हता. रंग उडालेला एक कोपरा होता, तो तिच्या ओळखीचा होता.

तिसऱ्या बाकावर तूवा बसली होती. तूवा सिग्नेच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती, तेव्हापासून सिग्नेकडेच. दोघींचं एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. सिग्नेचा डावा कान लहानपणीच गोवराने गेलेला. त्यामुळे दवाखान्यात, बँकेत, कुठेही "सिग्ने ओडेल" अशी हाक आली की तिच्याआधी तूवाच उठून हात वर करी, "आम्ही इथे आहोत!" सहा वर्षांची असताना करी आणि एकोणिसाव्या वर्षीही करी.

"तू ऐकलंस?" घरी जाताना सिग्नेने विचारलं.

"ऐकलं."

"कसा होता आवाज?"

तूवाने विचार केला. "कंटाळलेला," ती म्हणाली. "आणि मावशी, बाकीच्या नावांनाही कुणीतरी हजर म्हणत होतं. मला वाटलं मागच्या बाकांवर दुसरा वर्ग बसलाय. मी वळून नाही पाहिलं."

"का?"

"कुणीच वळून पाहत नव्हतं."

३

पुढच्या तासाला एलोफ जांभया देत हजर होता आणि मालिन नव्हती. तिचा पिवळा कोट मात्र बाहेर खुंटीवर होता. ओला.

संध्याकाळी मालिनच्या वडिलांचा फोन आला. सोमवारपासून पोरीचा पत्ता नाही, खोलीला कुलूप. सिग्नेने मुलांना विचारलं, सोमवारी तास सुटल्यावर ती कुणाबरोबर गेली? एक म्हणाला, आमच्याबरोबर जिना उतरली. दुसरी म्हणाली, छे, ती वर्गातच होती. कुठे होती? तर बसली होती. धडा चालू असताना होती का? होती. होती ना? सिग्नेलाही आठवेना. हजेरीची थट्टा केली, ते आठवत होतं. त्यानंतर तो पिवळा स्वेटर बाकावर होता की नव्हता, काही केल्या आठवेना.

पोलिसांनी टिपणं घेतली. हेल्मबाई म्हणाल्या, "या वयात मुली कोपनहेगनला जातात."

"कोट न घेता? नोव्हेंबरात?"

"प्रेमात थंडी वाजत नाही," हेल्मबाई म्हणाल्या. दूधसंघात त्यांना हे कुणी शिकवलं, देव जाणे.

"निदान तो भोंगा तरी काढा."

"कसला भोंगा? करड्या घरात भोंगा बसवायला पैसे कुठे आहेत?"

४

सिग्ने विचारी बाई होती, आणि विचारी माणसं घाबरली की ग्रंथालयात जातात. तिला मात्र तिथेही जायची सोय नव्हती, कारण करड्या घराचा इतिहास तिनेच लिहिला होता. इमारतीच्या वर्धापनदिनी विद्यापीठाने ती पुस्तिका छापली होती आणि उरलेल्या प्रती अजून कपाटात होत्या. तिने आपलंच लिखाण पुन्हा वाचलं. आधी धान्याचं कोठार. मग तलवारबाजीची तालीम. मग कायद्याचे वर्ग. युद्धाच्या काळात बटाटे. मग इतिहास विभाग, म्हणजे पुन्हा कोठारच. आग लागली नाही, साथ आली नाही, कुणाला भिंतीत चिणलं नाही. एवढ्या वर्षांत त्या घरात एकही माणूस मेला नव्हता. भुताला राहायला इतकी गैरसोयीची जागा स्वीडनात दुसरी नसेल.

ती रूनेला भेटली. किल्ल्या गेल्यापासून तो तळघरात कॉफी पीत बसायचा.

"भुतं?" रूने म्हणाला. "भुतं असती तर एकाने तरी जाताना दिवे मालवले असते."

"पाव तासाच्या आत कधी दार उघडलं होतंस?"

"कशाला उघडू? तास सव्वादहाचा."

"तुझ्या आधी जो होता त्याने?"

"त्यानेच मला शिकवलं. दहाला उघडायचं नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, रीत आहे." रूनेने दालचिनीचा पाव कॉफीत बुडवला. "आतून बाकं कुरकुरायची ती ऐकलीत. जुनं लाकूड. थंडीत कुरकुरतंच."

घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या पुस्तिकेला एक भोक आहे. त्या घराचं प्रत्येक शतक तिने लिहिलं होतं. पण ज्या पाव तासात, दिवसामागून दिवस, कुणीही माणूस त्या वर्गात नव्हता, त्या वेळाचा इतिहास कुणाला ठाऊक होता? सगळे पाव तास एकत्र केले तर कित्येक वर्षं भरत होती. हेल्मबाईंचा हिशेब चुकीचा नव्हता. आणखी एक विद्यापीठ खरोखरच चाललं असतं.

चाललंच असेल.

हा विचार तिने मूर्खपणाचा ठरवला आणि रात्रभर त्यालाच कुरवाळत जागी राहिली.

५

त्या गुरुवारी लापशी करपली, म्हणून तूवाला घरातून निघायला उशीर झाला. ती धावत वर पोचली तेव्हा घंटेला बराच वेळ होऊन गेला होता. एलोफ दारातच उभा होता. त्याचा चेहरा झोपेतला नव्हता.

"तुझं नाव पुकारलं," तो तूवाला म्हणाला. "दोनदा. कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. मालिनने माझी हजेरी दिली, आणि... मी गप्प बसलो, तूवा."

"बरं केलंस," मागून आलेली सिग्ने म्हणाली. "सगळ्यांनी घरी जा. पुढचा वर्ग माझ्या स्वयंपाकघरात."

ती तडक हेल्मबाईंकडे गेली. पाव तास परत द्या, म्हणाली. हेल्मबाईंनी सहानुभूतीने मान हलवली. ठराव बदलायला समिती लागते आणि समिती बसते उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर.

"निदान ती खोली बंद करा."

"कारण काय लिहू?"

कागदावर लिहिता येईल असं कारण सिग्नेपाशी नव्हतं.

स्वयंपाकघरातला वर्ग छान जमला. खुर्च्या कमी पडल्या, मुलं खिडकीत बसली, कॉफी उतू गेली, एलोफने सगळे पाव संपवले. खिडकीबाहेर नदी आणि पलीकडे कॅथीड्रल. दहाचे ठोके पडले. सिग्ने फळा नसल्याने हवेत बोट फिरवत काही समजावत होती आणि तूवा एकदम उठून उभी राहिली.

"काय गं?"

"हाक मारली ना?"

"कुणी?"

तूवाने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी काही ऐकलं नव्हतं. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले आणि सव्वादहाचा ठोका पडेपर्यंत काढले नाहीत.

त्यानंतर रोज. ती घरात असो, बाजारात असो, दहाला तिचा चेहरा पांढरा पडे. "मावशी, उत्तर द्यावंसं वाटतं गं," ती म्हणाली. "म्हणजे भीती वाटत नाही. कुणी इतक्या वेळा हाक मारतंय आणि आपण ओ देत नाही, याची लाज वाटते." एकदा सिग्नेने तिचं तोंड आपल्या हाताने दाबलं, तेव्हा तळव्यावर तिला ओठ हलताना जाणवले.

सिग्नेने हिशेब केला. एलोफच्या नावाला मालिनने ओ दिली. एलोफ राहिला, मालिन गेली. म्हणजे ज्याने ओ दिली तो जातो आणि ज्याचं नाव असतं तो सुटतो. तिचं वय एकसष्ट होतं, एक कान गेलेला होता, पुस्तिका छापून झाली होती. तूवा एकोणीस वर्षांची. हा हिशेब दूधसंघातल्यालाही पटला असता.

६

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येते," सोमवारी सकाळी ती म्हणाली. "तू घरातच थांब. दहाला उशी तोंडाशी धर. आजच्या दिवस. वचन दे."

"एकटी जातेस? तुझं नाव पुकारलेलं तुला ऐकू तरी येईल का?"

"येईल."

तिने तूवाच्या केसांवरून हात फिरवला, तसा नेहमी फिरवत नसे. मग उगाच फिरवला असं वाटून स्वतःचा मफलर नीट केल्यासारखं केलं.

दहाचे ठोके पडत असताना वरच्या वर्गाचं कुलूप आपोआप खटकन उघडलं. खुंट्या रिकाम्या होत्या. सिग्ने आत जाऊन दाराजवळच्या, सगळ्यात मागच्या बाकावर बसली. तिथून बाकं पायरीपायरीने खाली, व्यासपीठापर्यंत उतरत जात. उंच खिडक्यांतून राखेसारखा उजेड येत होता. वर्ग रिकामा होता.

मग बाहेर खुंट्यांवर काहीतरी जड, ओलं अडकवल्याचे आवाज येऊ लागले. एकामागून एक. दार उघडलं नाही. पण बाकं कुरकुरली. जुनं लाकूड थंडीत कुरकुरतंच, तिने स्वतःला सांगितलं. ओल्या लोकरीचा वास दाटला. समोर पाहिलं की बाकं रिकामी दिसत. मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे पाहिलं की नजरेच्या कडेला पाठी दिसत. ओळीने. खांद्याला खांदा लावून. तिने हातांवरची नजर काढली नाही.

आवाज सुरू झाला. बाईचा नाही, पुरुषाचा नाही. जन्मभर एकच काम केलेल्या माणसाचा. तो तिला डाव्या कानात ऐकू येत होता. पन्नासहून जास्त वर्षं त्या कानात काहीही आलं नव्हतं.

एस्बियर्न. हजर. इल्यान. हजर. तुरगिल्स. हजर. नावं येत राहिली, उत्तरं येत राहिली, सगळी पाठमोरी. मग "मालिन," आणि मधल्या बाकावरून, सर्दी झाल्यासारखं, "हजर." सिग्नेने बाकाची कड घट्ट धरली. आता. आता तूवाचं. तिने शब्द जिभेवर तयार ठेवला.

"सिग्ने ओडेल," आवाज म्हणाला.

हे तिने हिशेबात धरलं नव्हतं. ती स्वतः त्या वर्गात बसली होती, मग तिचं नाव का येऊ नये? तिला एकच उत्तर देता येणार होतं. ते स्वतःच्या नावावर खर्च केलं तर उद्या तूवाला हाक येईल, तेव्हा ओ द्यायला कोण उरेल? ती थांबली. क्षणभरच.

आवाजाने, ऐकू न आलेल्या माणसाला मारावी तशी, पुन्हा हाक मारली. जरा मोठ्याने. "सिग्ने ओडेल."

"आम्ही इथे आहोत!"

दार उघडं होतं. दारात, मावशीच्या मागोमाग आलेली तूवा धापा टाकत उभी होती, लाल कोट, मफलर सुटलेला, हात वर केलेला. दवाखान्यात करी तसा.

सिग्नेने वर पाहिलं. या वेळी बाकं रिकामी झाली नाहीत. पाठी होत्या, करड्या, ओल्या, खालपर्यंत. एकानेही मान वळवली नाही. पण मधल्या बाकावर पिवळ्या स्वेटरशेजारचे सगळे एकदम, न बोलता, थोडे थोडे बाजूला सरकले.

त्यांनी जागा केली होती.

"मी! मी आहे सिग्ने!" ती किंचाळली. तूवा तिच्या जवळून पायऱ्या उतरत होती, घाई न करता, तास चालू असताना उशिरा आलेली मुलगी चोरपावलांनी उतरते तशी. सिग्नेने तिचा हात धरला. हात निसटला. सव्वादहाचा ठोका पडला, आणि रिकाम्या वर्गात सिग्ने हातात एक लोकरी हातमोजा धरून उभी होती. तो पिळून काढावा इतका ओला होता.

बाहेर एकाच खुंटीवर कोट होता. लाल. फरशीवर ठिपकत होता.

७

नदीत गळ टाकले, काही सापडलं नाही. हेल्मबाई भेटायला आल्या, फुलं घेऊन. या वेळी कोपनहेगनचं नाव त्यांनी काढलं नाही. पुढे विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तीत पाव तास हवा असं बहुमत पडलं आणि परंपरा सन्मानाने परत आली. रूनेला किल्ल्या मिळाल्या. एलोफने शिक्षण सोडलं. आता तो कुठल्याशा बेकरीत पहाटे कामाला जातो. झोपतच नाही म्हणतात.

सिग्ने निवृत्त झाली. तरी रोज जाते. रूने तिला दहाला दार उघडून देतो आणि तळघरात निघून जातो, वर बघत नाही.

ती मागच्या बाकावर बसते. तूवाचं नाव कधीच येत नाही. त्या वर्गात तूवा नावाचं कुणी नाही. मालिननंतर येतं ते "सिग्ने ओडेल," आणि दरवेळी सिग्ने जिवाच्या आकांताने ओरडते, "हजर!" ती पहिल्या काही दिवसांत बाकांमधून धावत खालीही गेली. हाताला फक्त लाकूड लागलं. आता बसल्या जागेवरूनच ओरडते.

आवाज थांबतो. वाट पाहतो. त्याला काही ऐकू आलेलं नसतं. मग तो पुन्हा पुकारतो, जरा मोठ्याने.

सुरुवातीला तूवा लगेच ओ द्यायची. हल्ली उशीर लावते. त्या मधल्या शांततेत मधल्या बाकावरचं एक डोकं किंचित वर होतं, कान दिल्यासारखं. जणू आज तरी मावशी स्वतः बोलेल. सिग्ने घसा फाटेस्तोवर ओरडत असते.

डोकं पुन्हा खाली जातं.

"हजर," तूवा म्हणते.